मेणाच्या पाटीवरचे मत

श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकाचा विषय निघाला की सिनेट ही उमरावांची सभा, सीझर आणि सैन्य यांच्याच गोष्टी आधी आठवतात. आज मात्र मी एका छोट्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे मेण लावलेली लाकडी पाटी, जिच्यावर रोमन नागरिक आपले मत नोंदवीत असे.

इसवी सनपूर्व १३९ पर्यंत निवडणुकीतले मत तोंडी द्यावे लागे. मोजणी करणाऱ्यासमोर उभे राहून, आजूबाजूचे ऐकत असताना, उमेदवाराचे नाव उच्चारायचे. रोममधला सामान्य माणूस बहुधा एखाद्या बड्या घराण्याचा आश्रित असे. पहाटे टोगा नेसून तो धन्याच्या दारी मुजऱ्याला जाई. अडीनडीला पैसा आणि न्यायालयात पाठबळ तेथूनच मिळे, आणि त्याची परतफेड निवडणुकीत होई. ज्याच्या उंबऱ्याशी सकाळी उभे राहिलो, त्याच्या देखत त्याच्याच माणसाविरुद्ध तोंड उघडणे किती जणांना जमले असेल?

गाबिनिअस या ट्रिब्यूनने, म्हणजे सामान्य जनतेच्या हिताचे रक्षण करणाऱ्या अधिकाऱ्याने, १३९ मध्ये निवडणुकीसाठी गुप्त मतदानाचा कायदा आणला. दोन वर्षांनी तो बहुतेक खटल्यांना आणि १३१ मध्ये कायदे करण्याच्या मतदानालाही लागू झाला. नवा कायदा हवा असेल तर 'तुम्ही विचारता तसे होवो' या शब्दांची आद्याक्षरे आणि नको असेल तर 'जुनेच राहू दे' या अर्थाचे एक अक्षर, एवढ्यावर काम भागे. पाटी घेऊन मतदार एका अरुंद पुलावरून चालत जाई आणि ती टोपलीत टाकी. सनपूर्व ११३ च्या सुमारास पाडलेल्या चांदीच्या एका नाण्यावर हा प्रसंग कोरलेला आहे: एक मतदार खालच्या माणसाकडून पाटी घेतो आहे, तर दुसरा आपली पाटी टोपलीत सोडतो आहे. आपल्या रुपयाहूनही लहान नाण्यावर मतदार झळकावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

या पुलावर उभे राहून पाट्यांत डोकावणारेही होते. म्हणून सनपूर्व ११९ मध्ये मारिअस या ट्रिब्यूनने पूल आणखी अरुंद करण्याचा कायदा केला. प्रसिद्ध वक्ता आणि राजकारणी सिसेरो याला मात्र हे गुप्त मतदान खुपत असे. लोकांनी पाटीवर लिहावे, पण ती प्रतिष्ठितांना दाखवावी, अशी त्याची सूचना होती. एवढ्या बुद्धिमान माणसाने पाटी दाखवायला लावावी, हे मला आजही पटत नाही.

अर्थात, या मतालाही मर्यादा होत्याच. स्त्रिया आणि गुलाम त्यातून वगळलेले होते, आणि मत द्यायचे तर स्वतः रोमला यावे लागे. कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, निवडणाऱ्या सभेत १९३ गट असत. प्रत्येक गटाचे एकच मत धरले जाई, श्रीमंतांचे गट आधी मत देत आणि मालमत्ता नसलेल्या असंख्य नागरिकांना मिळून एकच गट होता.

मतदानाच्या कुंपण घातलेल्या जागेला रोमन लोक 'मेंढवाडा' म्हणत. सीझरने तेथे संगमरवरी वास्तू योजली आणि पहिला सम्राट ऑगस्टस याचा सहकारी अग्रिप्पा याने ती सनपूर्व २६ मध्ये पूर्ण केली. पुढे इसवी सन १४ मध्ये, सम्राट टायबेरिअसच्या राज्यारोहणाच्या वर्षी, अधिकारी निवडण्याचे काम सिनेटकडे गेले. त्या संगमरवरी मंडपात मग ग्लॅडिएटरांच्या झुंजी झाल्या, आणि पुढे तेथे उंची वस्तूंची दुकाने थाटली गेली.