वाचून दाखवलेला होमर

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना तपकिरी कडेचं, मधे गोल चित्र असलेलं पेंग्विन प्रकाशनाचं एखादं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांच्या हाती आलं असेल. त्या मालिकेत तपकिरी कड म्हणजे ग्रीक ग्रंथ. अनेक मराठी वाचकांना प्राचीन ग्रीक महाकवी होमर भेटला तो अशाच पुस्तकांतून. त्यातल्या ‘ओडिसी’वर अनुवादक म्हणून नाव असतं ई. व्ही. रियू. आज मी या रियूंविषयी बोलणार आहे.

एमिल व्हिक्टर रियू यांचा जन्म 1887 मध्ये लंडनचा. वडील चार्ल्स रियू मूळचे स्विस, अरबी-फारसीचे मोठे पंडित. ब्रिटिश म्युझियममधल्या पौर्वात्य हस्तलिखितांचा विभाग त्यांच्याकडे होता आणि फारसी हस्तलिखितांची त्यांनी केलेली सूची अभ्यासक आजही उघडतात. अशा घरात वाढलेला मुलगा ग्रीक आणि लॅटिनकडे वळला. सेंट पॉल्स शाळा आणि मग ऑक्सफर्डचं बेलियल कॉलेज. पण प्राध्यापक काही तो झाला नाही. 1910 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरीला लागला, आणि 1912 मध्ये या संस्थेनं हिंदुस्थानात शाखा उघडायचं ठरवलं तेव्हा पंचविशीतल्या रियूंना मुंबईला पाठवलं. ती शाखा त्यांनी उभी केली. पहिलं महायुद्ध सुरू होतं. 1918 मध्ये ते सैन्यात गेले, तेही कुठल्या पलटणीत? 105व्या मराठा लाइट इन्फंट्रीत! होमरचा भावी अनुवादक आपल्या मावळ्यांच्या पलटणीत होता, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे मलेरियानं बेजार होऊन ते 1919 मध्ये इंग्लंडला परतले.

त्यानंतरची पंधरा-सतरा वर्षं प्रकाशनव्यवसायात गेली. मेथ्यून या प्रकाशनसंस्थेचे ते काही वर्षं व्यवस्थापकीय संचालकही होते. लहान मुलांसाठी त्यांनी छान कविता लिहिल्या. पण ज्या कामामुळे आज त्यांचं नाव घ्यायचं, ते काम पन्नाशीच्या आसपास सुरू झालं. आणि ते सुरू झालं घरात.

रियूंच्या पत्नी नेली यांना ग्रीक येत नव्हतं. संध्याकाळी रियू ‘ओडिसी’ची मूळ ग्रीक प्रत हातात धरायचे आणि तिथल्या तिथे इंग्रजी करून त्यांना वाचून दाखवायचे. नेलीबाई रमल्या. पुढे काय झालं ते ऐकायची त्यांना ओढ लागली, आणि रियूंच्या लक्षात आलं की हे कागदावर उतरवायला हवं. तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. रियू होमगार्डमध्ये होते. बाहेर सगळं जग वेडंपिसं झालेलं असताना त्यांना होमरकडे जावंसं वाटलं, कारण होमर त्यांच्या लेखी पक्का वास्तववादी होता.

इंग्रजीत तोवर ‘ओडिसी’ नव्हती असं मुळीच नाही. सतराव्या शतकात कवी चॅपमननं केली होती, अठराव्या शतकात कवी पोपनं. 1879 मध्ये बुचर आणि लँग या जोडीनं गद्यात आणली. पण त्यांचं इंग्रजी मुद्दाम जुन्या बायबलच्या वळणाचं, जड. सामान्य माणूस दोन पानांत दमायचा. म्हणूनच पेंग्विनचा संस्थापक अ‍ॅलन लेन याच्याकडे रियूंचं हस्तलिखित आलं तेव्हा सल्लागार म्हणाले, आणखी एक ओडिसी कशाला? लेननं त्यांचं ऐकलं नाही. त्यानं पुस्तक घेतलंच, वर अभिजात ग्रंथांच्या नव्या मालिकेचं संपादकपदही रियूंनाच दिलं. जानेवारी 1946 मध्ये ‘ओडिसी’ या मालिकेचं पहिलं पुस्तक म्हणून निघालं आणि त्याच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

माझं म्हणणं असं, की या अनुवादाचे गुण आणि दोष, दोन्ही त्या संध्याकाळच्या वाचनातून आले आहेत. समोर एकच श्रोता आहे, त्याला ग्रीक येत नाही, त्याचं लक्ष उडता कामा नये. मग वाक्य सरळ हवं, गोष्ट पुढे सरकायला हवी, माणसं माणसांसारखी बोलायला हवीत.

गुण पाहायचा तर सतरावा सर्ग उघडा. ट्रॉयच्या युद्धावर गेलेला काव्याचा नायक ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात आपल्याच वाड्याच्या दाराशी आला आहे. सोबत डुकरं राखणारा युमियस. दारात शेणाच्या ढिगावर एक म्हातारा कुत्रा पडलाय, अंगभर गोचिड्या. हा आर्गस, ओडिसियसनं लहानपणापासून वाढवलेला. धन्याची चाहूल लागताच तो शेपूट हलवतो, कान पाडतो, पण उठून जवळ येण्याचं बळ त्याच्यात नाही. ओडिसियसला ओळख देता येत नाही. युमियसला दिसू नये अशा बेतानं तो डोळा पुसतो आणि कुत्र्याबद्दल काहीतरी सहज विचारल्यासारखं विचारतो. ते दोघं आत जातात आणि आर्गस मरतो. रियू इथे एकही अलंकार चढवत नाहीत. त्या साध्या गद्यात हा प्रसंग जसा भिडतो तसा पोपच्या यमकांत मला भिडला नाही.

आता दोष. होमरची काव्यं मुळात गाणाऱ्यांची. त्यांत ठरावीक ओळी पुन्हा पुन्हा येतात, आपला शाहीर पोवाड्यात पालुपद घेतो तशा. गुलाबी बोटांची उषा उगवली, ही ओळ ‘ओडिसी’त सुमारे वीस वेळा येते. दिवाणखान्यातल्या एका श्रोत्याला ती वीसदा ऐकवायचा रियूंना संकोच वाटला. त्यांनी ती दर वेळी थोडी बदलली, कुठे आटोपती घेतली. सुरुवातीलाही तेच. होमर काव्यदेवतेला म्हणतो, त्या पुरुषाची कथा मला सांग. रियूंच्या पहिल्या वाक्यात कथा सांगणारे ते स्वतः झाले आहेत आणि देवतेकडे मागितली आहे फक्त मदत. वाक्य ऐटबाज आहे, कादंबरीच्या सुरुवातीसारखं. पण होमरची प्रार्थना त्यात हरवली, आणि ती हरवायला नको होती. 1991 मध्ये त्यांचे चिरंजीव डी. सी. एच. रियू यांनी अनुवाद सुधारला तेव्हा काव्यदेवतेला घातलेली ती साद परत आणली. वडिलांचं एवढं गाजलेलं पहिलं वाक्य बदलायला धाडस लागतं.

संपादक म्हणून रियू वीस वर्षं, 1964 पर्यंत, त्या मालिकेवर होते. केवळ विद्वान आहे म्हणून त्यांनी कुणाला काम दिलं नाही. लिहिता येतं का, हे आधी पाहिलं. ग्रीक नाटककार सोफोक्लीझसाठी त्यांनी वॉटलिंग हा शाळामास्तर निवडला, इतिहासकार थ्युसिडिडीझसाठी रेक्स वॉर्नर हा कादंबरीकार. स्वतः 1950 मध्ये होमरचंच दुसरं महाकाव्य ‘इलियड’ पूर्ण केलं. मग 1952 मध्ये ख्रिस्ताची चार शुभवर्तमानं, मूळ ग्रीकमधून. यात मौज अशी की रियू आयुष्याचा बराच काळ धर्मापासून दूर होते आणि साठीला आल्यावर चर्चकडे वळले. वडील शुभवर्तमानांचा अनुवाद करताहेत हे कळल्यावर मुलगा म्हणाला होता, बाबा शुभवर्तमानांचं काय करतात ते बघूच, पण शुभवर्तमानं बाबांचं काय करतात ते बघण्यात जास्त गंमत आहे. हा किस्सा रियू स्वतःच सांगत. 1959 मध्ये, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी ग्रीक कवी अपोलोनियसचं आर्गो जहाजाचं काव्य इंग्रजीत आणलं. 1972 मध्ये ते वारले.

श्रोतेहो, होमर कधी वाचलाच नसेल तर ‘ओडिसी’नं सुरुवात करा, ‘इलियड’नं नको. रियूंची जुनी प्रत मिळाली तर तीच घ्या. एकटे बसून डोळ्यांनी वाचू नका. घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा, हवं तर वाचता वाचता मराठी करून. नमस्कार.