न्यायाचा खर्च कोणाच्या खात्यावर? अटलांटातील एका ज्यू मंडळीची हकिकत

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद, ज्येष्ठ मंडळी आणि मित्रहो, सस्नेह नमस्कार.

'धर्मसंस्था आणि सामाजिक काम' या विषयावर बोलावे असे कार्यकारिणीने सुचवले, तेव्हा मी तो विषय मुद्दाम अरुंद करून घेतला. आज मी एकाच शहरातील एकाच ज्यू प्रार्थनालयाबद्दल बोलणार आहे. ते अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात पीचट्री रस्त्यावर आहे. त्याचे अधिकृत नाव 'हिब्रू बेनेव्होलंट काँग्रिगेशन' असले तरी शहरात त्याला नुसते 'द टेंपल' म्हणतात. १८६७ साली स्थापन झालेल्या या मंडळीने वंशभेदाविरुद्ध घेतलेल्या भूमिकेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते बहुतेक गौरवाच्या सुरात आहे. मला मात्र एका व्यावहारिक प्रश्नात अधिक रस आहे. न्यायाचे काम करायचे असे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, ठरवतो, परंतु वर्गणी भरणाऱ्या सभासदांना ते आपले काम वाटू लागेपर्यंत मध्ये काय काय घडावे लागते?

या मंडळीला गप्प राहण्याचे कारण होते, आणि ते समजून न घेता तिला भित्री ठरवणे योग्य होणार नाही. लिओ फ्रँक हा अटलांटातील एका पेन्सिल कारखान्याचा व्यवस्थापक आणि याच प्रार्थनालयाचा सभासद. १९१३ साली त्या कारखान्यात काम करणाऱ्या मेरी फेगन या १३ वर्षांच्या मुलीचा खून झाला, आणि बाहेर जमलेल्या जमावाच्या दडपणाखाली चाललेल्या खटल्यात फ्रँकला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुराव्याविषयी शंका वाटल्याने राज्यपाल जॉन स्लेटन यांनी जून १९१५ मध्ये ती शिक्षा जन्मठेपेवर आणली, तेव्हा दोनच महिन्यांत काही लोकांनी त्याला तुरुंगातून पळवून नेले आणि मॅरिएटा गावाजवळ झाडाला लटकावून ठार मारले. जॉर्जिया राज्याने त्याला माफी दिली ती १९८६ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ७१ वर्षांनी. ज्या कुटुंबांनी हे पाहिले त्यांनी आपल्या मुलांना काय शिकवले असेल, हे सांगायला नको. शेजाऱ्यांसारखे राहावे, वेगळेपण मिरवू नये, आणि गोऱ्या समाजाच्या वर्मावर बोट ठेवू नये. 'आपण भले, आपले काम भले' ही वृत्ती परक्या देशात स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांनाही अनोळखी नाही.

अशा मंडळीत १९४६ साली जेकब रॉथशाइल्ड रब्बी म्हणून आले. ते पिट्सबर्गचे, आणि दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर सैन्याचे धर्मोपदेशक राहिलेले. अमेरिकेच्या दक्षिणेतील रंगभेदाची रीत त्यांनी जवळून पाहिली, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीसच प्रवचनांतून तिच्याविषयी बोलायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांनी रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पूर (पश्चात्तापाचा आणि उपासाचा दिवस) हे वर्षातील सर्वांत मोठे सण वारंवार निवडले, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. वर्षभर न फिरकणारे सभासदही त्या दिवशी येतात. (आपल्या मंडळात गणपतीला काय होते ते आपण जाणतोच.) योम किप्पूरला उपाशीपोटी बसलेल्या, सुखवस्तू आणि सज्जन माणसांना ते सांगत की शहरात चाललेल्या अन्यायात तुमचे मौनही सामील आहे. पुष्कळांना ते रुचले नाही. रब्बींनी धर्म सांगावा, राजकारण नको, असा त्यांचा आक्षेप होता. रॉथशाइल्ड यांनी सभासदांना लगेच मोर्च्यात नेले नाही. मोअरहाउस कॉलेजचे कृष्णवर्णीय अध्यक्ष बेंजामिन मेज यांच्यासारख्या वक्त्यांना त्यांनी प्रार्थनालयात बोलावले. काळे आणि गोरे एका टेबलावर जेवत नसत अशा शहरात, केवळ पाहुणा म्हणून कोणाला बोलवायचे एवढा निर्णयही सभासदांना कसोटीला लावणारा होता.

१९५७ च्या नोव्हेंबरमध्ये अटलांटातील ८० ख्रिस्ती धर्मगुरूंनी वंशभेदाविरुद्ध एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. तो तयार करण्यात रॉथशाइल्ड यांचा हात होता, परंतु त्याची भाषा ख्रिस्ती श्रद्धेची असल्याने त्यांनी त्यावर सही केली नाही आणि स्वतंत्र लेख लिहून त्याला पाठिंबा दिला. मला ही तडजोड नव्हे, तर नेमकेपणा वाटतो. आपल्या परंपरेच्या नावाने बोलायचे तर ती आपल्याच शब्दांत बोलली पाहिजे.

१२ ऑक्टोबर १९५८ रोजी, रविवारी पहाटे साडेतीनच्या सुमारास, सुमारे ५० डायनामाइटच्या कांड्यांचा स्फोट करून प्रार्थनालयाची एक बाजू उडवून देण्यात आली. वेळ पहाटेची असल्याने कोणालाही इजा झाली नाही. काही तासांनी त्याच भागात मुलांचे रविवारचे वर्ग भरणार होते. पाच जणांना अटक झाली, त्यांपैकी जॉर्ज ब्राइट याच्यावर खटला चालला, पहिल्या खेपेस ज्युरीचे एकमत झाले नाही आणि दुसऱ्या खेपेस तो निर्दोष सुटला. या गुन्ह्याबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

सभासदांची भीती १९१५ सालापासून मनात घर करून बसलेली होती, आणि तिचा गाभा असा की संकट आले तर शहर जमावाच्या बाजूने उभे राहील. या खेपेस तसे झाले नाही. महापौर विल्यम हार्ट्सफील्ड यांनी या कृत्याचा तीव्र निषेध केला आणि जहाल भाषणे करणाऱ्या राजकारण्यांनाही त्याची जबाबदारी टाळता येणार नाही असे बजावले. 'अटलांटा कॉन्स्टिट्यूशन'चे संपादक राल्फ मॅगिल यांनी लिहिलेल्या अग्रलेखासाठी त्यांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. निरनिराळ्या पंथांच्या चर्चेसनी मदत देऊ केली. पुढच्या शुक्रवारी प्रार्थनालय खच्चून भरले होते, आणि रॉथशाइल्ड यांनी मीखा संदेष्ट्याच्या वचनावरून आपल्या प्रवचनाचे शीर्षक घेतले होते: 'त्यांना कोणीही भयभीत करणार नाही'. त्यांच्या पत्नी जॅनिस यांनी पुढे या स्फोटाला 'जखम भरून काढणारा बाँब' म्हटले. ते विधान विरोधाभासी वाटते, पण त्याचा अर्थ सरळ आहे. ज्या गोष्टीच्या धाकाने लोक ४३ वर्षे गप्प होते ती गोष्ट घडून गेली होती, आणि ते अजून त्याच शहरात, त्याच घरांत राहत होते.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती सांगायला आलो नसतो. बाहेरच्या शत्रूने केलेल्या हल्ल्यानंतर एकत्र येणे तुलनेने सोपे असते. रिच यांच्या दुकानाच्या वेळी प्रश्न घरातच आला. 'रिचेस' हे अटलांटातील सर्वांत नावाजलेले मोठे दुकान. हंगेरीहून आलेल्या मॉरिस रिच यांनी ते १८६७ साली सुरू केले आणि हे कुटुंब याच प्रार्थनालयाचे. तिथे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना खरेदीची मुभा होती, पण उपाहारगृहात बसून खाण्याची नव्हती. ऑक्टोबर १९६० मध्ये विद्यार्थ्यांनी तिथे बसून सत्याग्रह केला, त्यात मार्टिन ल्यूथर किंग यांनाही अटक झाली, आणि तो प्रसंग त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपर्यंत जाऊन पोहोचला. रिच कुटुंबाने दुकानाचा धंदा गोऱ्या गिऱ्हाइकांवर चालतो असा हिशेब मांडला असेल तर त्यात नवल नाही; व्यापारी माणूस दुसरे काय करणार? पण त्याच मंडळीच्या व्यासपीठावरून बारा-तेरा वर्षे जे सांगितले जात होते ते आता एका सभासदाच्या गल्ल्याशी येऊन भिडले होते. अखेर शहरातील व्यापारी आणि विद्यार्थी यांच्यात १९६१ च्या मार्चमध्ये समझोता झाला आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत उपाहारगृहे सर्वांना खुली झाली.

किंग यांना १९६४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांच्याच शहरातील गोरे प्रतिष्ठित त्यांचा सत्कार करायला राजी नव्हते. रॉथशाइल्ड, मॅगिल, मेज आणि कॅथलिक आर्चबिशप पॉल हॅलिनन या चौघांनी पुढाकार घेतला. तिकिटे खपेनात, तेव्हा कोका-कोलाचे रॉबर्ट वुडरफ यांच्या बाजूने वजन पडले आणि मग वातावरण बदलले. २७ जानेवारी १९६५ रोजी डिंकलर प्लाझा हॉटेलात सुमारे १,५०० लोक एकत्र जेवले आणि समारंभाचे सूत्रसंचालन रॉथशाइल्ड यांनी केले. नैतिक आवाहनाला जे जमले नाही ते कोका-कोलाच्या धन्याच्या शब्दाने जमले, हे गोड वाटत नसले तरी नोंदवणे भाग आहे.

दक्षिणेतील सर्वच ज्यू मंडळी याच वाटेने गेल्या असे मात्र समजू नये. मे १९६३ मध्ये परिषदेसाठी जमलेल्या रब्बींपैकी १९ जण किंग यांच्या आंदोलनाला पाठिंबा देण्यासाठी विमानाने अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमला गेले, तेव्हा तेथील ज्यू पुढाऱ्यांनीच त्यांना परत जाण्याची विनंती केली. बाहेरून येणाऱ्यांनी दोन दिवस उभे राहून परत जावे आणि बाँब मात्र आमच्या दारात फुटावा, ही त्यांची तक्रार मला चुकीची म्हणवत नाही. तिचे उत्तर एवढेच की रॉथशाइल्ड बाहेरून येऊन परत गेले नाहीत. १९७३ च्या ३१ डिसेंबरला निधन होईपर्यंत ते त्याच मंडळीचे रब्बी होते.

मंडळीने बाहेरच्या जगाला न्याय मागायचा आणि आत आपल्याच माणसाला दारापाशी बसवायचे, असे होऊ शकते का? होऊ शकते, आणि त्याचे उदाहरण आपल्या देशातलेच आहे. १५६८ साली बांधलेल्या कोचीच्या परदेशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनालयात, मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांना कित्येक पिढ्या बाकावर बसण्याचा आणि तोरा हा धर्मग्रंथ वाचायला बोलावले जाण्याचा अधिकार नव्हता. त्यांच्यापैकीच असलेले वकील अब्राहम बराक सालेम यांनी गांधींच्या मार्गाने आपल्याच मंडळीविरुद्ध सत्याग्रह आरंभला, तो वर्षानुवर्षे चालवला, आणि एकेक बंधन सुटत गेले. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजातही 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असा भेद होता आणि लग्नसंबंध, पंगत आणि प्रार्थनालयातील मान यांत तो पाळला जाई. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनिवार तेली आपल्याच मराठीत बोलत होते, आपल्याच गावांत राहत होते. ही रीत त्यांच्या अंगी कुठून आली, हा प्रश्न आपण आपल्याला विचारायला हरकत नाही. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले, आणि ते उपोषण परक्या सरकारविरुद्ध नव्हते. ते आपल्याच भाविकांना उद्देशून होते.

आता रोजच्या कामाविषयी थोडे सांगतो, कारण मोठे प्रसंग क्वचित येतात. ज्यू धर्मातील रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, पंथाच्या बहुतेक प्रार्थनालयांत सामाजिक कार्यासाठी सभासदांची वेगळी समिती असते. १९६१ साली या पंथाने वॉशिंग्टनमध्ये आपले धोरणविषयक केंद्र स्थापन करण्याचा निर्णय घेतला, आणि नागरी हक्कांच्या १९६४ च्या व मतदानहक्काच्या १९६५ च्या कायद्यांच्या मसुद्यांतील काही भाग त्या इमारतीच्या सभागृहात तयार झाला. योम किप्पूरच्या सकाळी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ५८ वा अध्याय वाचतात. त्यात उपाशी राहणाऱ्यांनाच संदेष्टा विचारतो की भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे हाच खरा उपास नव्हे काय. म्हणून अनेक ठिकाणी त्या दिवशी सभासद न खाल्लेल्या जेवणाइतके धान्य पिशवीत भरून आणतात. १९८५ साली स्थापन झालेली 'मझॉन' ही संस्था लग्न किंवा बार मिट्झवा (मुलगा धर्मदृष्ट्या वयात आल्याचा विधी) यांसारख्या समारंभाच्या खर्चाच्या ३ टक्के रक्कम उपासमारीविरुद्धच्या कामासाठी मागते. अटलांटाच्या त्याच प्रार्थनालयाने १९८० च्या दशकात आपल्या आवारात बेघर जोडप्यांसाठी रात्रनिवारा सुरू केला, कारण इतर निवाऱ्यांत नवरा-बायकोला वेगवेगळे राहावे लागे. अशी उणीव प्रत्यक्ष कामात उतरलेल्या माणसालाच दिसते.

आपले मंडळ धर्मसंस्था नाही आणि ती व्हावी अशी माझी इच्छाही नाही. तरी दोन सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिल्या आहेत. पहिली सोपी आहे: गणेशोत्सव, दिवाळी आणि संक्रांत या तिन्ही कार्यक्रमांच्या भोजनखर्चाच्या ३ टक्के रक्कम वर्गणीतूनच बाजूला काढून गावातील अन्नपेढीला द्यावी. ऐच्छिक देणगीची पेटी ठेवू नये, कारण मग नेहमीचे चारच लोक देतात. दुसरी अवघड आहे. सिअॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने केलेल्या तशाच विधेयकावर राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. या दोन्ही वेळी आपल्या लोकांमध्ये तावातावाने वाद झाले, पण मंडळांच्या सभांत त्याचा उल्लेखही झाला नाही. आपल्या घटनेत सभासदत्व, पदाधिकारी आणि वधूवर मेळावा यांबाबत जातीचा उल्लेख वा विचार होणार नाही असे एक कलम घालावे, असा माझा प्रस्ताव आहे. वधूवर मेळाव्याच्या नोंदणीपत्रकातील जातीचा रकाना तोंडी समजुतीवर सोडू नये, तो छापील पत्रकातूनच काढावा.

हा प्रस्ताव वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येईल. त्याला विरोध असणारे सभासद आहेत हे मला ठाऊक आहे, आणि त्यांपैकी काही माझे जवळचे स्नेही आहेत. त्या सभेत त्यांना आधी बोलू द्यावे, प्रस्तावकाने नंतर बोलावे, आणि मतदान हात वर करून व्हावे, चिठ्ठीने नव्हे, एवढी अध्यक्षांना विनंती आहे.