पिवळे पितळ, लालसर तांबे: रोमचे सुटे पैसे

पडद्यावर दिसणारे हे जाडजूड नाणे म्हणजे सेस्टर्शियस. त्याचे वजन सुमारे २५ ग्रॅम आणि व्यास साधारण साडेतीन सेंटिमीटर असतो. अशा नाण्यांना सरसकट कांस्य नाणी म्हणण्याची पद्धत असली, तरी हे नाणे पितळेचे आहे, आणि रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या नाणेव्यवस्थेचे मर्म धातूच्या या निवडीतच आहे.

इसवी सनपूर्व ८० च्या सुमारास रोमच्या टांकसाळीने हलक्या, म्हणजे कमी किमतीच्या, धातूची नाणी नियमितपणे पाडणे थांबवले होते. सुमारे सहा दशकांनंतर ऑगस्टसने ती पुन्हा सुरू केली, तेव्हा सेस्टर्शियस आणि त्याच्या निम्म्या किमतीचा डुपॉन्डियस ही नाणी पितळेची, तर अ‍ॅस आणि क्वाड्रन्स ही तांब्याची ठरवली गेली. चार क्वाड्रन्सचा एक अ‍ॅस, चार अ‍ॅसचा एक सेस्टर्शियस आणि चार सेस्टर्शियसचा चांदीचा एक डिनेरियस, असा हिशेब होता. पॉम्पेईतील एका मद्यालयाच्या भिंतीवर लिहिलेले आढळले की एका अ‍ॅसला साधी वाइन, दोन अ‍ॅसना त्याहून बरी आणि चार अ‍ॅसना नामांकित फालेर्नियन मिळेल.

डुपॉन्डियस आणि अ‍ॅस आकाराने व वजनाने जवळपास सारखे असूनही एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती, आणि हा फरक गिऱ्हाइकाला मुख्यतः रंगावरून कळे: पितळ पिवळे, तांबे लालसर. पितळ करणे सोपे नव्हते. जस्त उष्णतेने लवकर वाफ होऊन उडून जाते, म्हणून जस्ताचे खनिज, कोळसा आणि तांबे बंद मुशीत एकत्र तापवून ती वाफ तांब्यात मुरवावी लागे. पुढे नीरोच्या काळात डुपॉन्डियसवरील सम्राटाच्या मस्तकी किरणांचा मुकुट दाखवण्यास सुरुवात झाली. ही सोय आजच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडते, कारण दोन हजार वर्षांच्या गंजाखाली पितळ आणि तांबे सारखेच हिरवट दिसतात.

सैन्यात मात्र सुट्या पैशांची चणचण असे. ऱ्हाइनकाठच्या छावण्यांत छिन्नीने दोन तुकडे केलेले अ‍ॅस मोठ्या संख्येने सापडतात. अर्धा तुकडा अर्ध्या किमतीला चाले. काही नाण्यांवर नंतर उमटवलेला छोटा ठसा दिसतो. त्यांपैकी ‘वार’ या रोमन अक्षरांचा ठसा इसवी सन ९ मध्ये जर्मनीतील लढाईत तीन लीजनांसह (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांसह) नष्ट झालेल्या सेनापती वारुस याचा आहे. जर्मनीतील काल्क्रीझ येथील उत्खननात अशी नाणी मिळाल्याने ते स्थळ त्या लढाईशी जोडण्यास मोठाच आधार मिळाला.

या नाण्यांची किंमत धातूपेक्षा सत्तेच्या शब्दावर अवलंबून होती. भारतात सापडणारी ऑगस्टस आणि त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस यांची नाणी प्रामुख्याने सोन्या-चांदीची आहेत, ती त्यामुळेच असावीत.

सत्ता बदलली की नाण्यावरचा चेहराही अडचणीचा होई. सम्राट कॅलिगुलाच्या हत्येनंतर त्याची प्रतिमा असलेली हलक्या धातूची नाणी वितळवण्याचा आदेश सिनेटने दिला. इतिहासकार डिओ काहीशा तिरकसपणे नोंदवतो की त्या धातूतून पुढच्या सम्राटाची पत्नी मेसालिना हिने म्नेस्टर या नटाचे पुतळे करवून घेतले. तरीही कॅलिगुलाची पुष्कळ नाणी आज उपलब्ध आहेत, आणि काहींवर त्याच्या नावाचे आद्याक्षर मुद्दाम खरवडून काढलेले दिसते.