एक रेषा, दोन टोकं

श्रोतेहो, मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर हाताशी असेल, तर तो जागच्या जागी हळूहळू गोल फिरवून बघा. एका फेरीत आवाज दोनदा भरतो, दोनदा बसतो. केंद्र कुठल्या रेषेवर आहे ते कळतं. रेषेच्या कुठल्या टोकाला, ते मात्र कळत नाही. ‘लेडी बी गुड’ हे अमेरिकन बॉम्बफेकी विमान याच पेचात हरवलं, आणि तेही पहिल्याच मोहिमेत.

विमान बी-२४ डी लिबरेटर, चार इंजिनांचं. नऊ जण, सगळे नवखे. ४ एप्रिल १९४३ च्या दुपारी लिबियातल्या सुलूक तळावरून २५ विमानं नेपल्स बंदराकडे निघाली. वाळूचं वादळ सुटलं होतं. इंजिनांत वाळू गेली आणि बरीच विमानं अर्ध्यातून परतली. ‘लेडी’ नेपल्सजवळ पोचलं तेव्हा अंधारून आलं होतं, लक्ष्य दिसेना. बॉम्ब समुद्रात टाकून ते एकटंच मागे फिरलं.

मध्यरात्र उलटल्यावर वैमानिक हॅटन यांनी लिबियातल्याच बेनिनाच्या रेडिओ केंद्राला कळवलं, आमचा दिशाशोधक चालत नाही. केंद्राने लूप अँटेना, म्हणजे तारेचं वेटोळं, ट्रान्झिस्टरसारखंच फिरवून माप दिलं: ३३० अंश. म्हणजे विमान वायव्येला, अजून समुद्रावरच. पण लूपला ३३० आणि १५० सारखेच ऐकू येतात. खरं होतं १५०. तळ केव्हाच मागे पडला होता. खरं टोक ओळखायला लूपच्या जोडीला उभी अँटेना लागते, नाहीतर दुसऱ्या केंद्राची रेषा छेदून बघावी लागते. त्या रात्री ते झालं नाही.

आणखी दोनेक तास ते दक्षिणेलाच जात राहिलं. इंधन संपत आल्यावर सगळ्यांनी उड्या मारल्या. त्यांतल्या वोरावका यांचं पॅराशूट नीट उघडलं नाही. बाकीचे आठ जण एकत्र जमले आणि समुद्र जवळच असणार असं धरून वायव्येकडे चालू लागले. समुद्र होता सहाशेहून जास्त किलोमीटरवर. आठांत पाण्याची एकच बाटली. सहवैमानिक टोनर यांच्या डायरीत माणशी हिशेब आहे: दिवसाला बाटलीचं एक टोपण. सपाट खडीचं मैदान संपून वाळूच्या उंच टेकड्या लागल्या, तिथे पाच जण बसले. तोवर सव्वाशे किलोमीटर झाले होते, आणि या परिस्थितीत इतकं चालणं शक्य आहे यावर आधी कुणी विश्वास ठेवला नसता. तिघे पुढे गेले. त्यांतले रिपस्लिंगर आणखी चाळीसेक किलोमीटर. डायरीतली शेवटची नोंद १२ एप्रिलची.

रिकामं विमान मात्र एका इंजिनावर घरंगळत जाऊन वाळवंटात पोटावर उतरलं. पंखांमागे मोडलं, एवढंच. तेल शोधणाऱ्यांना ते १९५८ मध्ये वरून दिसलं. १९५९ मध्ये माणसं तिथे पोचली, तेव्हा मशीनगन झाडता येत होती, रेडिओ चालत होता, आत पाणीही होतं. उड्या मारल्या त्या जागेपासून ते २६ किलोमीटरवर होतं, दक्षिणेला.