योकचं टोक: लहान मुलाचा वेस्टर्न शर्ट, हातशिलाईने

हा शर्ट अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराख्यांचा. खांद्यावरून छातीवर आणि पाठीवर उतरणारा टोकदार योक, म्हणजे वरून बसवलेला कापडाचा वेगळा तुकडा, त्याच्या कडेने बारीक पाइपिंग, म्हणजे आत दोरी घातलेली किनार, आणि मोत्यासारखी चमकणारी टिच बटणं. शर्ट कुंपणात किंवा खोगिराच्या खुंटीत अडकला तर ही बटणं पटापट सुटतात, कापड फाटत नाही. डेन्व्हर शहरात १९४६ साली रॉकमाउंट रँच वेअर सुरू करणाऱ्या जॅक वाइल यांनी टिच बटणांचा हा शर्ट बाजारात रुजवला. ओढलं की सुटणारं बटण लहान मुलांनाही सोयीचं.

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी ११० सेंटिमीटर पन्ह्याचं सव्वा मीटर सुती कापड पुरतं. योक आणि कफांसाठी वेगळ्या रंगाचं अर्धा मीटर घ्या. छातीच्या मापात १२ सेंटिमीटर सैलपणा धरा, शिलाईसाठी सगळीकडे एक सेंटिमीटर माया ठेवा. कापण्याआधी दोन्ही कापडं धुवा. पाइपिंगच्या आतली दोरीसुद्धा भिजवून वाळवायची. ही दोरी हमखास विसरली जाते. मग पहिल्याच धुण्यात ती आखडते आणि सरळ बसलेला योक चुण्यांनी भरतो. योक लाल किंवा गडद निळा असेल, तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का तेही बघून घ्या.

आता योक. शर्टाचं रूप इथेच ठरतं, म्हणून घाई करायची नाही. पुढचे दोन भाग आणि पाठ अखंड कापा. योक त्यांच्यावर वरून बसवायचा, तोही खांदे जोडण्यापूर्वी, कापड सपाट असताना. पाइपिंगसाठी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी अडीच सेंटिमीटर रुंद, आत दोन मिलिमीटरची दोरी. सरळ कापलेली पट्टी वळणावर ताठ राहते, ती चालणार नाही. पाइपिंग योकच्या सुलट बाजूला, मायेच्या कडा जुळवून कच्च्या टाक्यांनी धरा. टोकाशी आलं की पाइपिंगच्या मायेला शिवणीच्या एक मिलिमीटर अलीकडेपर्यंत काप द्या, म्हणजे पट्टी उघडून वळते. काप न दिल्यास टोक बोथट होतं. शिवणीपलीकडे गेला तर तिथून धागे निघतात.

माया उलट बाजूला दुमडताना आधी टोकाची माया आडवी मोडा, मग दोन्ही बाजू. आत साचलेलं जादा कापड छाटा आणि इस्त्री दाबून ठेवा, फिरवू नका. उरेब कड फिरत्या इस्त्रीने ताणली जाते.

योक शर्टावर ठेवून मध्यापासून बाहेरच्या दिशेने टाचा. डावं-उजवं टोक बटणपट्टीच्या कडेपासून सारख्याच अंतरावर आहे ना, ते मोजपट्टीने मोजा. नजरेचा अंदाज इथे फसतो. मग पाइपिंगला अगदी लागून बखिया (दरवेळी सुई थोडी मागे घेऊन घातलेली पक्की शिलाई) घाला, टाका दोन-अडीच मिलिमीटरचा. दोरा हातभरापेक्षा लांब नको आणि त्याला मेण लावा, नाहीतर गाठी पडतात. मशीन टोकावर एखादा टाका पुढे-मागे जातं. हाताने शेवटचा टाका नेमका टोकातच उतरवता येतो.

खांदे, बाह्या, बगला यांनाही बखियाच. उलट बाजूला एक माया छाटून दुसरी तिच्यावर दुमडा आणि तुरपाई करा, म्हणजे दुमड बारीक टाक्यांनी धरा. धागे सुटत नाहीत, मुलाच्या अंगालाही टोचत नाही. कॉलर आणि कफ नेहमीच्या शर्टासारखेच.

टिच बटणाचे चार भाग असतात: वरची टोपी, खाचेचा भाग, खुंटीचा भाग आणि दात्यांचं कडं. बटणपट्टीच्या आत सुती बकरम, म्हणजे ताठ अस्तर, हवंच. दाते एकेरी पातळ कापडात बसवले, तर मूल शर्ट ओढून उघडतं तेव्हा बटण कापडाचा तुकडा घेऊनच निघतं. उलट थर फार जाड झाले तर दाते पलीकडे पोचत नाहीत आणि बटण दोन दिवसांत गळतं. तेवढ्याच थरांच्या चिंधीवर आधी एक बसवून बघा, कारण दात्यांची भोकं बुजत नाहीत. मोत्याच्या टोपीवर थेट हातोडी मारू नका, तडकते. तिला साच्यात पालथी ठेवून ठोका मागून द्या. दोन बटणांत साडेसहा सेंटिमीटर अंतर ठेवा. पहिलं बटण योकच्या टोकांच्या रेषेत बसवा आणि बाकीची तिथून वर-खाली मोजा. प्रत्येक बटण दहा वेळा उघडून लावून बघा. बसवलेलं बटण बोटांनी हललं, तर काढून नवं लावा. सुटलेलं बटण लहान मूल तोंडात घालतं.