कचऱ्याचं बिल, चौरस मीटरवर

(पडद्यावर मालमत्ता कराचं बिल. बोट पंधरा आकडी क्रमांकावर येऊन थांबतं.)

हा मालमत्ता कराचा लेखा क्रमांक. वॉर्ड ऑफिसात याला सगळे ‘सॅक नंबर’ म्हणतात. याचा घरातल्या कचऱ्याशी काय संबंध, असं वाटेल. पण मुंबईत कचऱ्याच्या शुल्काचं जे गणित मांडलं गेलंय, त्यात पिशवीच्या वजनाला जागाच नाही. तुमच्या घरातून रोज दोन पिशव्या जातात की अर्धी, हे कुणी विचारणार नाही. जागा किती आणि तिचा वापर कशासाठी, एवढंच पाहिलं जाईल. ही दोन्ही उत्तरं पालिकेकडे आधीपासून आहेत, याच क्रमांकाखाली. ती बरोबर आहेत का, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलंय.

(कचरा संकलनाची गाडी. गेटवर ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे.)

आधी थोडी पार्श्वभूमी. केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम ८ एप्रिल २०१६ रोजी आले. कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकाने स्थानिक संस्थेच्या उपविधींप्रमाणे वापरकर्ता शुल्क द्यावं, हे त्यातच लिहिलं होतं. मुंबईचे स्वच्छता उपविधी २००६ चे. त्यांच्या जागी नवे आणण्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये मसुदा काढला आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या. त्या मसुद्यात दर असे होते: ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये, ५० ते ३०० चौरस मीटरला ५००, आणि ३०० च्या वर १,०००. दुकानं, मिठाईवाले, खानावळी ५०० रुपयांच्या गटात. कार्यालयं, बँका, क्लासेस ७५० च्या. दवाखाने, ५० खाटांपर्यंत, २,००० रुपये.

हे आकडे मसुद्याचे आहेत. ते वर-खाली होऊ शकतात. तुमच्या घराचं चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, काही वर-खाली होणार नाही, म्हणून काम तिथून सुरू करायचं.

(जमिनीवर पसरलेला करारनामा. शेजारी मोजपट्टी आणि कॅल्क्युलेटर.)

५० चौरस मीटर म्हणजे ५३८ चौरस फूट. चौरस फुटांना १०.७६४ ने भागलं की चौरस मीटर मिळतात. ५३५ फुटांचं घर ४९.७० मीटर, म्हणजे शंभराच्या गटात. ५४० फुटांचं घर ५०.१७ मीटर, थेट पाचशेच्या गटात. पाच फुटांचा फरक, चहाचा स्टूल मावेल एवढी जागा, आणि वर्षाला ४,८०० रुपये. त्यामुळे ‘साधारण साडेपाचशे असेल’ हे उत्तर इथे चालत नाही.

सगळ्यात मोठी गफलत बिल्टअपची. जुन्या करारनाम्यांत क्षेत्रफळ बहुतेक वेळा बिल्टअप लिहिलेलं असतं, म्हणजे भिंतींची जाडी धरून, कधी कधी जिन्याचा वाटाही धरून. समजा करारावर ६४० फूट आहे. नोंद करताना कुणी तोच आकडा चटई क्षेत्र म्हणून चढवला, तर घर ५९.४६ मीटरचं झालं, पाचशेचं. आत मोजपट्टी लावली आणि चटई क्षेत्र ५३३ फूट निघालं, तर तेच घर ४९.५२ मीटर, शंभराचं. हेच घर, याच भिंती. १ मे २०१७ पासून रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीचा स्थावर मालमत्ता कायदा, पूर्णपणे लागू झाला. त्यानंतरच्या नव्या प्रकल्पांच्या करारात चटई क्षेत्र स्पष्ट लिहिलेलं सापडतं. गिरगाव, लालबाग, दादरच्या जुन्या इमारतींत ते मोजूनच काढावं लागतं.

आता गंमत बघा. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. ५०० फूट म्हणजे ४६.४५ चौरस मीटर. ज्यांना माफी मिळाली, त्यांनी बिलाकडे पाहणंच सोडलं. शून्य रुपयांचा कागद कोण वाचतो? पण कर माफ आहे म्हणून कचऱ्याचं शुल्कही माफ, असं मसुद्यात कुठे नव्हतं. ही घरं शंभराच्या गटात बसतात. शिवाय ५०० ते ५३८ फुटांमधली एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे कर भरावा लागतो, पण शुल्क शंभराचंच. त्या पट्टीतल्या मालकाने आपला आकडा दोनदा तपासावा.

(तळमजला. दवाखान्याची पाटी, वर गॅलरीत वाळत घातलेले कपडे.)

क्षेत्रफळापेक्षाही महाग पडते ती वापराची चूक. पंचवीस मीटरची तळमजल्यावरची खोली. राहायला असेल तर १०० रुपये, डॉक्टरांनी दवाखाना थाटला असेल तर २,०००. वीसपट. उलटही घडतं. दवाखाना दहा वर्षांपूर्वी बंद झाला, खोलीत मुलगा-सून राहायला आली, आणि नोंद अजून ‘दवाखाना’च. वापर बदलला की तो कळवायची जबाबदारी मालकाची. निरीक्षक येऊन बघून जाईल, यावर विसंबून राहिलात तर बिल जुन्याच नोंदीचं येत राहतं. घरात चार मुलांची शिकवणी घेणाऱ्या बाईंनी घाबरून जायचं कारण नाही, पण हॉलमध्ये बाकं मांडून तीन-तीन तुकड्या चालवणाऱ्यांनी आपण कोणत्या रकान्यात बसतो याचा विचार आधीच केलेला बरा. दवाखान्यांसाठी आणखी एक गोष्ट: सुया, बँडेज, रक्ताळलेला कापूस हा जैववैद्यकीय कचरा. तो या शुल्कात येत नाही. त्यासाठी अधिकृत संस्थेशी वेगळा करार लागतो.

(सोसायटीचं कार्यालय. टेबलावर देखभाल खर्चाची पावती पुस्तकं.)

मुंबईत खरा गुंता सोसायटीत आहे. अनेक इमारतींचा सॅक नंबर एकच असतो. बिल सोसायटीच्या नावावर येतं आणि वाटणी कमिटी करते. ४० सदनिकांची इमारत घ्या. २८ घरं ४५ मीटरची, १२ घरं ६० मीटरची. मसुद्याच्या दराने २८ घरांचे २,८०० रुपये, १२ घरांचे ६,०००. महिन्याला ८,८००, वर्षाला १,०५,६००. कमिटीने सरळ चाळिसाने भागलं तर प्रत्येकाच्या माथी २२० रुपये. म्हणजे लहान घरवाल्याकडून १०० ऐवजी २२० घेतले गेले आणि मोठ्या घरवाल्याचे महिन्याला २८० वाचले. वार्षिक सभेत आवाज चढणार तो इथेच.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सेवा शुल्क सगळ्यांना समान असतं, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, आणि मालमत्ता कर स्थानिक संस्था ठरवेल त्याप्रमाणे. कचऱ्याचं शुल्क पालिकाच घराच्या आकारानुसार ठरवणार असेल, तर त्याची जागा करासोबत आहे, सेवा शुल्कात नाही. खजिनदाराने पावतीवर त्यासाठी वेगळी ओळ ठेवावी. घरोघरचा कचरा खाली आणणाऱ्या सफाईवाल्याचा पगार हा सोसायटीचा स्वतःचा खर्च. पालिकेची गाडी गेटवरून कचरा उचलते, तिसऱ्या मजल्यावरून नाही. हे दोन खर्च एकाच ओळीत घातले की ‘एकाच कामाचे दोनदा पैसे’ अशी तक्रार होणारच.

पागडीच्या इमारतींत बिल घरमालकाच्या नावावर असतं. तिथे भाडेकरूंनी खोलीवार नोंदीची प्रत मालकाकडून मागून घ्यावी. आणि दारावर कुणी कचऱ्याच्या शुल्काची पावती फाडायला आलं, तर रोख रक्कम देऊ नये. जे काही द्यायचं ते पालिकेच्या बिलावर दिसलं पाहिजे.

(मोठं गृहसंकुल. मागच्या बाजूला कंपोस्टचं यंत्र, वर ताडपत्री.)

मोठ्या संकुलांचं प्रकरण वेगळं. केंद्राचे नवे घनकचरा नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले. त्यांत मोठ्या प्रमाणात कचरा करणाऱ्यांसाठी तीन कसोट्या आहेत: बांधकामाचं क्षेत्र २०,००० चौरस मीटर, दिवसाचा पाणीवापर ४०,००० लीटर, किंवा दिवसाचा कचरा १०० किलो. तिन्हींपैकी एकीला जरी पोहोचलात, तरी तुम्ही त्या यादीत. मग केंद्रीय पोर्टलवर नोंदणी करायची, आणि ओल्या कचऱ्यावर शक्य तितकी आवारातच प्रक्रिया करायची.

पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मधली गुपचूप पकडते. माणशी दिवसाला १३५ लीटर पाणी धरा. ४०,००० लीटर म्हणजे २९६ माणसं. घरटी चार-पाच माणसं धरली तर साठ-सत्तर घरं झाली. मुलुंड, बोरिवली, चेंबूरच्या मधल्या आकाराच्या सोसायट्यांना वाटतं, आपण काही ‘बल्क’ नाही. पाण्याचं बिल काढून बघा. त्यावर वापर किलोलीटरमध्ये असतो. तीस दिवसांत १,२०० किलोलीटर झाले की रेषा गाठली. टँकरचं पाणी घेत असाल तर ते पालिकेच्या बिलावर दिसणार नाही, पण वापर म्हणून ते धरावंच लागतं.

वजनाची कसोटी अंदाजाने लावू नका. ताणकाटा घ्या आणि सलग सात दिवस ओला-सुका वेगळा तोला. रविवार त्यात हवाच, कारण मासळी-मटणाचा दिवस तोच. रोजचा आकडा वहीत लिहून सचिवाने सही करावी. घरटी अर्धाच किलो धरला तरी दोनशे घरांत १०० किलो होतात. पावसाळ्यात तोलताना बागेचा भिजलेला पालापाचोळा वेगळा ठेवा. पाण्याचं वजन कचऱ्याच्या खात्यात कशाला?

कंपोस्टच्या यंत्राबद्दल थोडक्यात. बंद पडलेल्या यंत्रांच्या मुळाशी जा, तिथे बिघाडाआधी ओलावा सापडतो. लाकडाचा भुसा किंवा वाळका पाला पुरेसा मिसळला नाही की मिश्रण चिकट होतं, हवा आत जात नाही, वास सुटतो, पहिल्या मजल्यावरून तक्रार येते आणि कमिटी स्विच बंद करते. भुशाचा साठा जूनच्या आधी करून ठेवावा.

नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. डायपर, नॅपकिन तिसऱ्यात. रंगाचे डबे, ट्यूबलाइट, जुनी औषधं चौथ्यात. घराच्या दुरुस्तीचं डेब्रिज यातल्या कशातच नाही. ते उचलायची पालिकेची सेवा वेगळी आहे.

(वॉर्ड ऑफिस. करनिर्धारण व संकलन खात्याची खिडकी.)

नोंद चुकीची निघाली तर? पालिकेच्या मालमत्ता कराच्या पोर्टलवर सॅक नंबर टाकून आपला तपशील छापून घ्या. मजला, चटई क्षेत्र, वापर, बांधकामाचं वर्ष, चारही रकाने करारनाम्याशी आणि इंडेक्स-२ शी (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) ताडून पहा. फरक दिसला तर वॉर्डच्या सहायक करनिर्धारक व संकलकांच्या नावे अर्ज करायचा. सोबत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स-२, भाग प्रमाणपत्राची प्रत आणि वास्तुविशारदाचा मोजणी दाखला. वापर बदलला असेल तर दवाखाना किंवा दुकान बंद झाल्याचा कागद आणि सोसायटीचं पत्र. दोन सदनिका जोडून एक केली असेल, तर परवानगीचा नकाशा जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. अर्जात ‘क्षेत्रफळ जास्त लागलंय’ एवढंच लिहू नका. ‘नोंद ५९.४६ चौ.मी., प्रत्यक्ष ४९.५२ चौ.मी.’ असे दोन आकडे समोरासमोर लिहा.

कचऱ्याची गाडी, डबे, उचल यांच्या तक्रारी या खिडकीवर कुणी घेणार नाही. ते काम घनकचरा व्यवस्थापन खात्याचं, किंवा १९१६ वर फोन करायचा. चुकीच्या खात्यात दिलेला अर्ज आपोआप योग्य टेबलावर जाईल, या आशेवर राहू नका.

(रबरी शिक्का कागदावर उमटतो.)

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांची. दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.