कागद खरे, माणूस खोटा: मालवाहतूक ब्रोकिंगमधली तोतयेगिरी

अमेरिकेतल्या मालवाहतूक ब्रोकिंगमध्ये (माल पाठवणाऱ्या शिपरला ट्रक कंपनी, म्हणजे कॅरिअर, गाठून देण्याच्या धंद्यात) पैसे बुडाल्यावर फाइल उघडून पाहिली, तर कागद बहुतेक वेळा बिनचूक निघतात. यूएस डॉट नंबर (ट्रक कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक) चालू, विमा चालू, डब्ल्यू-९ (करासाठीचा ओळख फॉर्म) नीट भरलेला. फक्त ते कागद ज्या कंपनीचे आहेत, तिचा आणि फोनवर बोललेल्या माणसाचा काडीचाही संबंध नसतो. म्हणून ‘कॅरिअरचे कागद तपासले’ हे उत्तर अपुरं आहे. कागदांवरून कंपनी अस्तित्वात आहे एवढंच कळतं.

ही ओळख चोरायला फार कष्ट पडत नाहीत. एफएमसीएसए या ट्रक वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत: नाव, पत्ता, फोन, ट्रक किती. भामट्याला लागतो तो मिळताजुळता ईमेल पत्ता. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी टाकले, की घाईत वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. याहून वाईट म्हणजे कंपनीचं लॉगिन मिळवून सरकारी नोंदीतलाच फोन नंबर बदलतात. मग तुम्ही इमानदारीने नोंदीतल्या नंबरवर फोन लावता आणि तो उचलतो चोरच. म्हणून नंबर काय आहे यापेक्षा तो कधी बदलला हे आधी बघा. विम्याचा दाखला कॅरिअरकडून घेऊ नका, थेट विमा एजंटकडून मागवा. एजंटचा नंबरही त्या दाखल्यावरून न उचलता स्वतंत्रपणे शोधा आणि त्याला विचारा, तुमच्या फाइलला या ग्राहकाचा कोणता फोन आहे?

आता डबल ब्रोकिंग, म्हणजे घेतलेला लोड (माल न्यायचं काम) परस्पर दुसऱ्याला देणं. समजा ब्रोकरने २,६०० डॉलरला लोड दिला. तोतयाने तो कॅरिअरच्या नावाने घेतला आणि ब्रोकर असल्याचं भासवून दुसऱ्या ट्रकवाल्याला २,९०० ला दिला. मिळणार त्याहून जास्त भाव तो देऊ शकतो, कारण त्याला काही द्यायचंच नसतं. ट्रकवाला बिचारा माल वेळेवर पोहोचवतो, सही झालेली डिलिव्हरीची पावती तोतयाला पाठवतो. तोतया तीच पावती ब्रोकरकडे लावून क्विक पे (मुदतीआधी पैसे) मागतो आणि दोन-तीन दिवसांत पैसे काढून पसार होतो. खऱ्या ट्रकवाल्याचं बिल महिन्याभराच्या मुदतीचं असतं, त्यामुळे बोंब उठेपर्यंत खातं रिकामं झालेलं असतं. मग तो ब्रोकरच्या आणि शिपरच्या दारात येतो, आणि एकाच फेरीचे पैसे दोनदा मोजायची पाळी येते. ब्रोकरचा बाँड (बुडालेल्या पैशांपोटी त्याला द्यावी लागणारी हमी) २०१३ मध्ये १०,००० वरून ७५,००० डॉलरवर नेला, पण दावेदार बरेच असले तर तोही पुरत नाही.

हे पकडायची हुकमी जागा म्हणजे माल भरायचा डॉक. पिकअप नंबर (माल उचलायला लागणारा क्रमांक) आधी वाटू नका, ट्रक दारात आल्यावर द्या. ट्रकच्या दारावरचं नाव आणि डॉट नंबर, ट्रक आणि ट्रेलरच्या नंबर प्लेट, ड्रायव्हरचा परवाना यांचे फोटो घ्या आणि रेट कन्फर्मेशनशी (ठरलेल्या भाड्याच्या लेखी कराराशी) ताडून पाहा. दारावर चुंबकाने चिकटवलेली पाटी दिसली तर आणखी खोलात शिरा. आणि ड्रायव्हरला सरळ विचारा, ‘तुला लोड कुणी दिला?’ लोड परस्पर फिरवलेला असेल, तर तो निरागसपणे तिसऱ्याच कंपनीचं नाव सांगतो. तिथेच लोडिंग थांबवा.

इंधनासाठी आगाऊ रक्कम देण्याबाबत थोडक्यात: बिल्टीचा खोटा फोटो बनवायला पाच मिनिटं लागतात. माल भरल्याची खात्री शिपरकडून करून घ्या, मगच ती रक्कम काढायचा कोड द्या.

खरी मेख बँक खातं बदलण्यात आहे. ‘आमची बँक बदलली, पुढचं पेमेंट या खात्यावर करा’ असा लेटरहेडवरचा मेल येतो, तोही चालू संभाषणातच, कारण कुणाचा तरी मेलबॉक्स आधीच फुटलेला असतो. नाव बरोबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अमेरिकेत पैसे घेणारी बँक केवळ खाते क्रमांकावर रक्कम जमा करू शकते. नाव जुळवून पाहायचं बंधन तिच्यावर नसतं. एक डॉलर पाठवून ‘मिळाला का?’ विचारण्यातही अर्थ नाही, चोराला तो मिळतोच. जुन्या फाइलमधल्या नंबरवर स्वतः फोन करा. बदल एकाने नोंदवावा, दुसऱ्याने मंजूर करावा.

फॅक्टरिंगची नोटीस याहून नाजूक. कॅरिअरने आपली बिलं फॅक्टरिंग कंपनीला विकली आणि तशी रीतसर नोटीस तुम्हाला मिळाली, की पैसे तिलाच द्यावे लागतात; चुकून कॅरिअरला दिले तर तिला पुन्हा द्यावे लागतात. या भीतीमुळेच खोटी नोटीस पटकन खपते. पण यूनिफॉर्म कमर्शियल कोड या अमेरिकेतल्या व्यापारी कायद्याच्या ९-४०६ कलमाने तुम्हाला पुरावा मागायचा हक्क दिलाय. मागणीनंतर रास्त वेळेत पुरावा आला नाही, तर कॅरिअरला पैसे देऊन तुम्ही मोकळे होऊ शकता. एक फॅक्टर सोडून दुसरा आला असेल, तर जुन्याचं मुक्तिपत्र (आता या बिलांवर हक्क नाही असं पत्र) जुन्याकडूनच घ्या.

पैसे गेलेच, तर पहिला फोन तुमच्या बँकेच्या फसवणूक विभागाला, रक्कम परत मागवण्यासाठी. त्यानंतर एफबीआयच्या आयसी३ या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार, आणि ज्याचं नाव वापरलं त्या खऱ्या कॅरिअरला कल्पना. मूळ मेल हेडरसकट (मेल कुठून आला हे सांगणाऱ्या तांत्रिक माहितीसकट) जतन करा. नुसता फॉरवर्ड केला तर ती माहिती गळते. मेलबॉक्समधले, आलेला मेल आपोआप दुसरीकडे पाठवणारे फॉरवर्डिंगचे नियमही उघडून बघा. पासवर्ड बदलला तरी ते तसेच राहू शकतात, आणि तुमची पुढची बिलंही मुकाट चोराच्याच पत्त्यावर जात राहतात.